प्रभात रोडचा फ्लॅट तुमचा, पण खालची जमीन कोणाच्या नावावर आहे?

डेक्कन, एरंडवणे, प्रभात रोड, भांडारकर रोड, आपटे रोड, कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी जुनी तीन मजली बिल्डिंग पत्रे ठोकून बंद केलेली दिसते आणि शेजारच्या बिल्डिंगमधे रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू असतात. मीटिंगमधे प्रश्न ठरलेले. कार्पेट किती टक्के जास्त मिळणार, भाडं किती देणार, पार्किंग एक का दोन. हे प्रश्न चुकीचे नाहीत, विचारायलाच हवेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि माझ्या मते सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे: ज्या जमिनीवर आपली बिल्डिंग उभी आहे ती जमीन आज कागदावर कोणाची आहे? आणि त्यात माझा हिस्सा किती, आणि तो कुठे लिहिलाय?

या भागात पन्नास वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमधे आता किंमत उरलीये ती जमिनीची. भिंती, फरशी, लोखंडी ग्रिल यांना तसं मोल नाही. त्यामुळे जमिनीचा कागद नीट माहीत नसेल तर आपण नक्की काय घेतलंय, काय विकतोय आणि बिल्डरला काय देतोय हे कळत नाही. म्हणून हा लेख. कायद्याची नावं येतील पण जमेल तेवढं साध्या भाषेत सांगतो.

थोडा इतिहास आधी, कारण कागदाचा गोंधळ त्यातूनच आलाय. नदीच्या अलीकडे पेठा आणि वाडे, पलीकडे भांबुर्डे आणि एरंडवणे ही गावं, शेतं आणि टेकडी. १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं, १९०६ ला डेक्कन जिमखाना क्लब, १९१७ ला भांडारकर संस्था, १९२४ ला लॉ कॉलेज, आणि १९३३ ला प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली, त्या स्टुडिओच्या जागी आता एफटीआयआय आहे आणि प्रभात रोडला नाव तिथूनच मिळालं. या सगळ्याच्या आजूबाजूला वसाहती वसत गेल्या. वाड्यातली दाटी सोडून मोकळ्या हवेत राहायचं, पुढे बाग, मागे आऊटहाऊस, विहीर, आंब्याची झाडं, अशी कल्पना. तेव्हा हे गावाबाहेरचंच होतं, महापालिका झाली १९५० ला. मग १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि शहर आणखीच बाहेरच्या दिशेला पसरलं.

पुढे साधारण सत्तरच्या दशकापासून बंगल्यांच्या जागी बिल्डिंगी यायला लागल्या. घरटी एका प्लॉटचे वारस तीन-चार झाले, बंगला सांभाळणं जमेना, मग बिल्डरला प्लॉट द्यायचा, आपल्याला दोन-तीन फ्लॅट ठेवायचे, बाकीचे त्याने विकायचे. पार्किंगवर तीन मजले, एका मजल्यावर तीन-चार घरं, लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नाहीच. हे असं एकेका प्लॉटवर सुटंसुटं झालं म्हणून या भागात मोठ्या सोसायट्या कमी आणि आठ-बारा-सोळा घरांच्या लहान बिल्डिंगी जास्त. आणि प्रत्येकीचा कागद वेगळा. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांनी सांगितलेला नियम तुमच्या बिल्डिंगला लागू होईलच असं नाही, आणि यातूनच खूप भांडणं होतात.

ढोबळमानाने तीन प्रकार सापडतात.

पहिला, सहकारी गृहरचना संस्था, म्हणजे आपण जिला सोसायटी म्हणतो ती. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली. यात बहुतेक वेळा जमीन आणि बिल्डिंग दोन्ही संस्थेच्या नावावर असतात किंवा असायला हव्यात, आणि तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट, सभासदत्व आणि फ्लॅट वापरायचा वारसाहक्काने चालणारा, विकता येणारा हक्क असतो. मीटिंगमधे एका सभासदाला एक मत, मग त्याचा फ्लॅट ४०० फुटांचा असो नाहीतर १२००.

पण इथे एक खाच आहे. संस्था रजिस्टर झाली म्हणजे जमीन तिच्या नावावर झाली असं होत नाही. त्यासाठी बिल्डरने आणि मूळ जमीनमालकाने संस्थेला खरेदीखत करून द्यावं लागतं, त्याला कन्व्हेयन्स म्हणतात. १९६३ चा मोफा, म्हणजे बिल्डरने फ्लॅट बांधून विकण्यावरचा कायदा, आणि त्याचे नियम म्हणतात की करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर संस्था झाल्यापासून चार महिन्यांत हे करून द्यायचं. प्रत्यक्षात कित्येक बिल्डिंगींमधे तीस-तीस वर्षं झालेलं नाही. बिल्डर वारला, त्याची फर्म बंद पडली, मूळ मालकाचे वारस तीन देशांत पसरले, कोणी मागितलंही नाही आणि कोणी दिलंही नाही. प्रॉपर्टी कार्डावर अजून त्या बंगल्यातल्या आजोबांचंच नाव.

यावर उपाय आहे आणि तो चांगला आहे, डीम्ड कन्व्हेयन्स, मराठीत मानीव अभिहस्तांतरण. २००८ च्या दुरुस्तीने हे आलं. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटी किंवा अपार्टमेंटची असोसिएशन थेट जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते, ते समोरच्यांना नोटीस काढून सुनावणी घेतात, कागद बरोबर असतील तर आदेश आणि प्रमाणपत्र देतात, कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. त्या प्रमाणपत्रावर दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा. आणि मग, हे फार महत्त्वाचं, सिटी सर्व्हे ऑफिसला जाऊन प्रॉपर्टी कार्डावर संस्थेचं नाव लावून घ्यायचं. दस्त झाला म्हणून पेढे वाटून लोक घरी बसतात आणि कार्डावरची नोंद राहून जाते, मग दहा वर्षांनी पुन्हा धावपळ.

दुसरा प्रकार अपार्टमेंट, म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचा. पुण्यात, खास करून लहान प्लॉटवर, हा खूप आहे. गेटवर अमुक अपार्टमेंट लिहिलंय म्हणून ते अपार्टमेंट कायद्यातलंच असेल असं समजू नका आणि सोसायटी लिहिलंय म्हणून सोसायटीच असेल असंही नाही, पाटी कोणीही काहीही लावतं, कागद बघायचा.

यात मालक सगळी मिळकत या कायद्याखाली आणतो आणि तसं डीड ऑफ डिक्लेरेशन रजिस्टर करतो. त्यात प्लॉटचं वर्णन, प्रत्येक फ्लॅटचं वर्णन, सामाईक जागा कुठल्या, कुठली जागा ठराविक फ्लॅटपुरती राखीव, आणि सोबत नियमावली. मग प्रत्येक फ्लॅटचं वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट होतं. त्याने फ्लॅट पूर्णपणे तुमच्या मालकीचा होतो आणि जमीन, जिना, गच्ची, टाकी यांत तुमचा अविभक्त हिस्सा ठराविक टक्क्यांत लिहिला जातो. गावाकडच्या सामाईक सातबाऱ्यासारखं समजा, नाव सगळ्यांचं, हिस्सा ठरलेला, पण हा कोपरा माझा आणि तो तुझा असं कोणी म्हणू शकत नाही.

ही टक्केवारी या सगळ्यातला कळीचा आकडा आहे आणि गंमत म्हणजे अनेकांना आपला आकडाच माहीत नसतो. कायद्याप्रमाणे तो फ्लॅटची किंमत आणि सगळ्या मिळकतीची किंमत यांच्या प्रमाणात काढलेला असतो. मतदान त्याच्यावर, सामाईक खर्चातला वाटा त्याच्यावर, आणि जमिनीतला हक्कही त्याच्यावरच. तो कायमस्वरूपी स्वरूपाचा धरलेला आहे, कमिटीने मीटिंगमधे हात वर करून बदलता येत नाही, दुरुस्त डिक्लेरेशन करून नोंदवावं लागतं. आता विचार करा, ज्या मूळ मालकाने तीन फ्लॅट स्वतःला ठेवले आणि वर गच्चीचा हक्क ठेवला त्याची टक्केवारी किती आणि वन बीएचके घेतलेल्या जोशी काकूंची किती. रिडेव्हलपमेंटच्या वाटाघाटीत सगळ्यांना सरसकट सारखी टक्केवारी वाढवून द्यायची का हिश्शाप्रमाणे, हा वाद इथून उगवतो. तो सुटायचा असेल तर डिक्लेरेशनचं ते परिशिष्ट टेबलावर ठेवूनच सुटतो.

मेंटेनन्सचंही तसंच. सोसायटीत उपविधीप्रमाणे म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे सेवा शुल्क म्हणजे वॉचमन, झाडलोट, सामाईक वीज हे सगळ्या घरांना सारखं, पाणी नळांच्या संख्येवर, आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती फंड किमान ०.७५ टक्के. अपार्टमेंटमधे मात्र सामाईक खर्च हिश्शाच्या टक्केवारीने. म्हणजे मोठा फ्लॅट जास्त भरणार. आमच्याकडे सगळे सारखेच भरतात असं अपार्टमेंटमधे चालू असेल तर ते सामंजस्याने चाललंय, कोणी हरकत घेतली तर डिक्लेरेशनच बघावं लागेल. आणि जुना फ्लॅट घेताना एक गोष्ट विसरू नका, अपार्टमेंट कायद्यात थकलेल्या सामाईक खर्चाचा बोजा त्या फ्लॅटवरच बसतो आणि घेणाराही त्याला जबाबदार ठरतो, त्यामुळे असोसिएशनकडून थकबाकीचं लेखी स्टेटमेंट घेतल्याशिवाय व्यवहार पुरा करायचा नाही.

आता पुण्यातलं नेहमीचं दुखणं. डिक्लेरेशन झालेलं असतं, पण काही फ्लॅटांचं डीड ऑफ अपार्टमेंट झालेलंच नसतं. लोकांकडे असतो फक्त करारनामा. करार आहे, ताबा आहे, टॅक्स भरतोय, लाईट बिल नावावर आहे, मग काय राहिलं असं वाटतं. राहिलं हे की जमिनीतला तो टक्का तुमच्या नावावर आलेलाच नाही, कागदावर तो अजून मूळ मालकाकडेच आहे. बारापैकी नऊ जणांचं डीड झालंय आणि तिघांचं नाही अशी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की बिल्डरचा वकील पहिल्याच आठवड्यात ते तीन फ्लॅट बाजूला काढतो. हे आत्ताच करून घ्या, देणारा जिवंत आहे आणि सही करायला तयार आहे तोवर. करारावर पूर्ण स्टॅम्प ड्यूटी भरलेली असेल तर ती डीडच्या वेळी धरली जाते. डिसेंबर १९८५ च्या आधीचे करार असतील तर त्यांचा हिशोब वेगळा असतो, चांगल्या वकिलाकडून बघून घ्या.

तिसरा प्रकार जरा अवघड, आणि जुन्या वसाहतींमधेच भेटतो. मूळ वसाहतच एका जुन्या प्लॉटधारकांच्या संस्थेची असते. सहकारी कायद्यात याला वेगळं नाव आहे, टेनंट ओनरशिप, आणि वर सांगितलेल्या जमीन-बिल्डिंग दोन्ही संस्थेची असणाऱ्या प्रकाराला टेनंट को-पार्टनरशिप. जुन्या प्लॉटच्या संस्थेने मोठी जमीन घेतली, प्लॉट पाडले आणि सभासदांना दिले, कुठे मालकीने आणि कुठे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने म्हणजे लीजने. सभासदाने त्यावर बंगला बांधला. पुढे बंगला पाडून अपार्टमेंट झालं. म्हणजे आज तुमच्या फ्लॅटच्या डोक्यावर दोन थर आहेत, एक तुमची अपार्टमेंटची असोसिएशन आणि तिच्या वर ती मूळ संस्था. जमिनीची खरी मालक अजून ती मूळ संस्थाच असू शकते आणि तुमच्याकडे फक्त उरलेल्या वर्षांचं लीज.

असं असेल तर तीन गोष्टी लीजमधून वाचून काढायच्या. मुदत कधी संपते आणि नूतनीकरणाचं कलम आहे का. बांधकाम बदलायला, मजले वाढवायला मूळ संस्थेची परवानगी लागते का. आणि हस्तांतर करताना त्यांना काय द्यायचं. बऱ्याच लोकांना फ्लॅट विकतानाच पहिल्यांदा कळतं की वर अशी एक संस्था आहे. आधी माहीत असेल तर संस्थेशी बोलता येतं, ही जुनी माणसं सहसा समजूतदार असतात, आणि त्यांच्याकडे १९३०-४० चे मूळ लेआऊट आणि कागद सांभाळलेले असतात जे दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत.

मग हे तपासायचं कसं? पत्त्यापासून सुरुवात करा. शिवाजीनगर, एरंडवण्यात पत्त्यात एफपी नंबर दिसतो, तो टाऊन प्लॅनिंग स्कीममधला फायनल प्लॉट. दुसरा असतो सीटीएस म्हणजे सिटी सर्व्हे नंबर. त्या नंबरावर प्रॉपर्टी कार्ड निघतं, ऑनलाईनही मिळतं, त्यात धारक कोण, क्षेत्र किती, बोजा काय आणि कुठल्या दस्ताने फेरफार झाला ते ओळीने लिहिलेलं असतं. शहराच्या या भागात सातबारा शोधत बसू नका, सिटी सर्व्हे झालेल्या जागेला कार्डच बघायचं. कार्डावरचं क्षेत्र आणि मंजूर प्लॅनवरचं क्षेत्र जुळतंय का तेही पाहा, रस्त्यात गेलेली पट्टी कधी कधी एकीकडे वजा झालेली असते आणि दुसरीकडे नाही. मग इंडेक्स टू काढा, म्हणजे कोणते दस्त नोंदले गेलेत त्याचा गोषवारा. आणि महापालिकेकडून मंजूर प्लॅन आणि भोगवटा पत्र. महापालिकेचं टॅक्सचं बिल हा मालकीचा पुरावा नाही, बिल तुमच्या नावाचं आहे एवढंच ते सांगतं.

या सगळ्याला पैसे फार लागत नाहीत, वेळ आणि चिकाटी लागते. बिल्डिंगमधल्या एखाद्या रिटायर्ड माणसाने मनावर घेतलं तर दोन-तीन महिन्यांत पूर्ण फाईल होते, आणि ती फाईल सगळ्यांना स्कॅन करून द्यायची, एकट्या सेक्रेटरीच्या कपाटात ठेवायची नाही.

रोजच्या राहण्यातली भांडणंसुद्धा बहुतेक याच कागदात सुटतात. पार्किंग घ्या. १९७५-८० ला बांधलेल्या बिल्डिंगमधे स्कूटरचा विचार केलेला होता, आता घरटी एक तरी गाडी आहे. एक जण म्हणतो मी बिल्डरकडून पार्किंग विकत घेतलंय, पावती आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० मधे नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं की खांबांमधली मोकळी स्टिल्ट पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामाईक. त्यामुळे सोसायटीत ती वाटायचा अधिकार सभेचा. अपार्टमेंटमधे मात्र आधी डिक्लेरेशन बघा, काही जागा ठराविक फ्लॅटसाठी मर्यादित सामाईक म्हणून लिहिलेल्या असतात, तिथे सभेला मनाप्रमाणे फिरवता येत नाही. चारही बाजूंनी भिंती आणि शटर असलेलं, प्लॅनमधे दाखवलेलं गॅरेज ही अजून वेगळी गोष्ट.

गच्चीचंही असंच. मूळ मालकाच्या करारात कधी कधी लिहिलेलं असतं की पुढे वाढणारा सगळा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा, आमचा. हे वाक्य वाचून लोक हबकतात आणि गप्प बसतात. गप्प बसू नका. ज्या प्लॅनवर फ्लॅट विकले त्याच्या पलीकडचं बांधकाम करताना फ्लॅटधारकांच्या संमतीचा प्रश्न मोफामधे येतोच, आणि कन्व्हेयन्स झाल्यावर चित्र आणखी बदलतं. कराराचं ते पान वकिलाला दाखवून लेखी मत घ्या.

आणि एक कळकळीची विनंती, लोड बेअरिंग बिल्डिंगमधे राहत असाल तर हॉल मोठा करायला भिंत पाडू नका. जुन्या अनेक घरांत आरसीसीचे कॉलम नाहीत, भिंतीच वजन पेलतात. तळमजल्यावरच्या माणसाने हौसेने भिंत काढली की वरच्या तिघांच्या घराला तडे जातात. उपविधीत १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगला पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. अपार्टमेंट असाल तरी करा. पावसाळ्याच्या आधी करा. बाल्कनी बंद करून तिथे स्वयंपाकाचा ओटा घातला असेल तर इंजिनिअरला तेही दाखवा, लपवू नका.

आता रिडेव्हलपमेंटचं गणित, कारण शेवटी सगळे तिथेच येतात. यात सर्वांत मोठा फरक पाडतो गल्लीचा रुंदपणा. प्रभात रोडच्या, एरंडवण्याच्या आतल्या गल्ल्या बंगल्यांसाठी आखलेल्या, अनेक ठिकाणी रस्ता ६ मीटरच. डिसेंबर २०२० मधे राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, युडीसीपीआर. तिच्यात ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला मूळ एफएसआय १.१० आणि त्यावर प्रीमियम (महापालिकेला पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. रस्ता ९ मीटर असेल तर १.१० अधिक प्रीमियमचा ०.५० अधिक टीडीआर ०.४०, एकूण २. रस्ता अजून रुंद असेल तर अजून जास्त. शिवाय घरांसाठी या एकूण आकड्यावर ६० टक्के ॲन्सिलरी म्हणजे पूरक एफएसआय, तो पैसे भरून मिळतो, आणि त्याच्या बदल्यात आता बाल्कनी, जिना, पॅसेज वगैरे सगळं मोजणीत येतं.

समजा प्लॉट ६०० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम सहा गुंठे. ६ मीटरच्या गल्लीत ६०० गुणिले १.१० म्हणजे ६६०, त्यावर ६० टक्के धरून १०५६ चौरस मीटर. तोच प्लॉट ९ मीटर रस्त्यावर असेल तर १२००, आणि ६० टक्के धरून १९२०. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला मिळणारा प्रोत्साहनाचा एफएसआय यात धरलेला नाही, तो प्रकरणाप्रमाणे वाढेल. पण फरक बघा. आजची बिल्डिंग बाल्कनी-जिन्यासकट समजा ८०० चौरस मीटर बांधलेली आहे. पहिल्या बाबतीत सगळ्यांना आहे तेवढं परत दिल्यावर बिल्डरला विकायला २५० च्या आसपास उरतं, त्यात त्याने बांधकाम, तुमचं भाडं, महापालिकेचे शुल्क आणि स्वतःचा नफा काढायचा. दुसऱ्या बाबतीत ११०० च्या वर उरतं. म्हणून मेन रोडवरच्या मित्राला ४० टक्के जास्त कार्पेट मिळालं आणि आपल्याला १० टक्केच का म्हणतात याचं उत्तर बिल्डरच्या हावरटपणात नेहमीच नसतं, बऱ्याचदा ते गल्लीत असतं.

२०२० मधे महापालिकेने तीनशेहून जास्त अशा ६ मीटरच्या गल्ल्या ९ मीटर करायचा प्रस्ताव आणला होता, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घेऊन. तुमच्या गल्लीचं पुढे काय झालं, रस्त्याची रेषा आखली गेलीये का, हे महापालिकेच्या पथ आणि बांधकाम विभागात विचारून लेखी उत्तर घ्या. कारण आमची गल्ली ९ मीटर होणार आहे या ऐकीव माहितीवर ऑफर आली असेल तर ती ऑफर हवेत आहे. जुन्या वसाहतीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला यात वाईटही वाटतं, दीड मीटर दोन्हीकडून गेलं की कंपाऊंडलगतची मोठी झाडंच जातात. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून जास्त संरक्षण दिलंय. आपल्या आवारातल्या झाडांची यादी, घेर आणि फोटो आधीच करून ठेवा आणि कुठली झाडं राहणार ते बिल्डरच्या करारात प्लॅनसकट लिहून घ्या. नंतर तक्रार करण्यापेक्षा हे खूप सोपं पडतं.

संमतीचा मुद्दा. सोसायटीत ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासासाठी विशेष सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश जणांची गणपूर्ती लागते आणि एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची मंजुरी, सभेचं व्हिडिओ शूटिंगही करायचं असतं. ५१ टक्के झाले म्हणजे उरलेल्यांना विचारायचं नाही असा अर्थ मात्र काढू नका, बारा घरांच्या बिल्डिंगमधे पाच जण नाराज असतील तर काम कोर्टात अडकायला एक पुरेसा आहे. अपार्टमेंटमधे जमिनीचा टक्का प्रत्येकाच्या वेगळ्या नावावर असल्यामुळे बिल्डर आणि त्याला कर्ज देणारी बँक प्रत्येक मालकाची सही करारावर मागतात. इथे एकटी राहणारी आजी, परगावी असलेला भाचा, सगळे लागतात. म्हणून अपार्टमेंटवाल्यांनी घाई कमी आणि बोलणं जास्त ठेवावं. ज्यांना शंका आहे त्यांच्या घरी जाऊन बसावं. बहुतेक वेळा त्यांचा विरोध पाडण्याला नसतो, दोन-तीन वर्षं कुठे राहायचं, भाडं मधेच थांबलं तर काय, परत येईपर्यंत आपण असू का, ही भीती असते. त्यावर बँक गॅरंटी, आगाऊ भाडं, ठराविक तारखा असं कागदावर दिलं की माणूस मोकळा होतो.

आऊटहाऊसमधे किंवा तळमजल्यावर जुना भाडेकरू असेल तर त्याला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला वगळून केलेलं कुठलंही गणित टिकत नाही, पहिल्या बैठकीपासून त्याला बरोबर घ्या.

शेवटची गोष्ट वारसांची, आणि या भागात ही सर्वांत जास्त अडवते. ज्यांनी १९७८ ला फ्लॅट घेतला ते गेले, त्यांच्या पत्नीही गेल्या, मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी बंगळूरला, आणि कागदावर अजून वडिलांचंच नाव. सोसायटीत नॉमिनी लावला होता म्हणून नॉमिनीच मालक असं अनेकांना वाटतं. नॉमिनी सोसायटीच्या व्यवहारापुरता पुढे असतो, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. त्यामुळे वारसांनी आपसात रिलीज डीड म्हणजे हक्कसोडपत्र किंवा वाटणीपत्र करून ते रजिस्टर करायचं, मग नाव लावून घ्यायचं. परदेशातल्या माणसाने पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवली असेल तर ती भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर इथला स्टॅम्प भरावा लागतो, ही मुदत चुकली की दंड आणि वेळ दोन्ही जातं. दिवाळीला किंवा डिसेंबरात मुलं घरी येतात तेव्हा दुय्यम निबंधकाची अपॉइंटमेंट आधीच घेऊन ठेवा, सगळ्यांची आधार, पॅन, मृत्यूचे दाखले आणि मूळ करार एका फाईलमधे लावून ठेवा, आणि पॉवर ऑफ ॲटर्नी पाठवण्यापेक्षा स्वतः समोर बसून सही करून घ्या.